सांदवाडीतले दुमजली खुराडे



धान घरात आले, मळणी आटोपली, तणसाचे ढीग रचून झाले. पौष-माघाचे हे थोडे निवांत दिवस आहेत. तेवढ्यात एक काम उरकून घ्या. कोंबड्यांना घर बांधा. पिल्ले आणायची ती त्यानंतर. आपल्याकडे बहुधा उलटे होते. बाजारातून किंवा एखाद्या योजनेतून पिल्ले आधी येतात आणि ती ठेवायची कुठे, हा विचार पहिल्या पावसात सुरू होतो. तोवर निम्मी गेलेली असतात.

हे मी ऐकीव सांगत नाही. आमच्याच घरी, मुर्रीला, असे झाले. गोंदिया शहर जवळ असल्याने आमच्याकडे जागेची ओढाताण. घरामागची सांदवाडी वाटण्यांत आखडत गेली. तिच्यातच न्हाणी, तिच्यातच सरपण, तिच्यातच शेळी. तेव्हा आम्ही ठरवले की खुराडे आडवे न पसरता उभे करायचे. वर मोठ्या कोंबड्या, खाली पिल्ले. बांबूच्या कामट्यांचे दुमजली खुराडे झाले आणि दिसायलाही देखणे दिसले. शेजारच्या बाया पाहून गेल्या.

श्रावणात मात्र पिल्ले पंख पाडून बसू लागली. हगवणीत रक्त दिसू लागले. दहा दिवसांत एकोणिसांपैकी चौदा पिल्ले गेली. सासूबाईंनी वाकून खुराड्यात पाहिले आणि म्हणाल्या, "पोरी, वरच्यानं खालच्याच्या डोक्यावर घाण करावी, असं कुठं घर असते का वं?"

चूक तीच होती. वरच्या कोंबड्यांची विष्ठा फटींतून सरळ पिल्लांच्या अंगावर आणि दाण्यात पडत होती. रक्ती हगवणीचे सूक्ष्म परजीवी मोठ्या कोंबडीच्या पोटात असले तरी तिला सहसा फारसा त्रास होत नाही, पण तिच्या विष्ठेतून ते बाहेर पडत राहतात. दमट, उबदार जागा मिळाली की एक-दोन दिवसांत ते लागण करण्याजोगे होतात आणि कोवळ्या पिल्लांच्या आतड्यात शिरतात. आमच्या घराने तो रोग रोज पिल्लांना वाढून दिला.

त्या पिल्लांवर थोरल्या मुलीच्या सायकलीचा हिशेब होता. तुम्हाला ठाऊकच आहे, धानाचा पैसा येतो तसा खत, मजुरी आणि कर्जात निघून जातो. अंड्यांचा पैसा तेवढा बाईच्या पदराला बांधलेला राहतो. वही, औषध, माहेरी जाण्याचे भाडे त्यातून निघते. म्हणून खुराड्याचे काम किरकोळ समजू नका.

पुढच्या वर्षी आम्ही ते घर मोडून नवे बांधले. त्याचा आराखडा खाली देत आहे. वीस मोठ्या कोंबड्या, त्यांची अंडी घालण्याची जागा आणि पिल्लांसह एक खुडुक कोंबडी, एवढ्यांची सोय त्यात होते.

आधी कागदावर

मोठ्या गावरान कोंबडीला रात्री बसायला सुमारे १ चौरस फूट जागा लागते. वीस कोंबड्यांना वीस चौरस फूट. म्हणून घर ६ फूट लांब आणि ४ फूट रुंद धरा, म्हणजे चोवीस चौरस फूट होतात. लांबी पूर्व-पश्चिम ठेवा. त्यामुळे उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन मुख्यतः आखूड बाजूंवर येते.

उंचीची मापे जमिनीपासून अशी घ्या. खालच्या मजल्याची जमीन २ फुटांवर. वरच्या मजल्याची जमीन साडेचार फुटांवर. छप्पर पुढे साडेसात फूट, मागे साडेसहा फूट. दोन मजल्यांच्या मध्ये एक उतरता पत्रा. त्याविषयी पुढे सविस्तर सांगते, कारण या घराचे मर्म त्यातच आहे.

हे सारे वहीच्या पानावर काढा. एक फुटाला एक बोट धरले तरी चालेल. कागदावरची चूक खोडरबराने निघते. बांबू एकदा कापला की कापला.

बांबू कोणता, केव्हा

आपल्या भागात मानवेल आणि कटांग हे दोन्ही बांबू ओळखीचे आहेत. मानवेल भरीव आणि चिवट असतो. तो खांबांना आणि आडव्या दांड्यांना घ्या. कटांग जाड आणि पोकळ असतो. तो फोडून कामट्या काढा.

बांबू किमान तीन वर्षांचा असावा. कोवळ्या बांबूत पाणी फार, तो वाळला की आकसतो. कापणी दिवाळीनंतर ते माघापर्यंत करा. पावसाळ्यात कापलेल्या बांबूत पिठूळ अंश जास्त असतो आणि त्यावरच किडा येतो. कापलेला बांबू तळ्यात किंवा बोडीत तीन आठवडे पूर्ण बुडवून ठेवा. वर दगड ठेवा, नाहीतर तो तरंगतो. पाण्यात तो पिठूळ अंश उतरतो. पाण्याला वास येईल, त्याची काळजी करू नका. नंतर सावलीत उभा ठेवून वाळवा. उन्हात वाळवला तर तडे जातात.

बांधावरचा स्वतःचा बांबू तोडायला पूर्वी लोक कचरत. २०१७ साली केंद्र सरकारने भारतीय वन कायद्यात बदल करून वनाबाहेर वाढलेला बांबू झाडाच्या व्याख्येतून काढला. जंगलातल्या बांबूला मात्र वनखात्याचे नियम आजही लागू आहेत. तिथला बांबू विचारल्याशिवाय आणू नका.

कामट्या घरी काढता येत असतील तर उत्तम. नसतील तर गावच्या बुरूड कारागिराला माप दाखवा. वर्षानुवर्षे सुपे, टोपल्या, डालगी विणणारा तो हात आहे. फट किती ठेवायची हे तुम्ही सांगा, गाठ कशी मारायची हे त्याला ठरवू द्या.

सांगाडा

पुढचे तीन खांब ९ फुटांचे आणि मागचे तीन ८ फुटांचे कापा. प्रत्येक खांब दीड फूट जमिनीत जाईल. जो भाग जमिनीत जाणार, त्याच्यावर आणि वर एक वीतभर डांबराचे दोन हात द्या. वाळवी आणि ओल दोन्ही तिथूनच चढतात. खड्ड्याच्या तळाशी विटांचे तुकडे टाका, म्हणजे पाणी साचणार नाही.

घर उंच आणि अरुंद आहे, तेव्हा वाऱ्याला हलणार. दोन्ही आखूड बाजूंना आणि मागे खांबांच्या मध्ये तिरप्या दांड्यांची कैची बांधा. जोड बाइंडिंग तारेने आवळा. बांबूत खिळा ठोकायचाच असेल तर आधी भोक पाडून घ्या, नाहीतर बांबू उभा फुटतो.

जमीन आणि खालचा मजला यांमधले दोन फूट मोकळेच ठेवा. तिथे सरपण किंवा पोती रचली की उंदीर आले, आणि उंदरामागे साप आला. झाडू सहज फिरेल एवढी ती जागा रिकामी हवी.

खालचा मजला : पिल्ले आणि अंडी

या मजल्याची जमीन बंद असावी. फटीत पिल्लांचे पाय अडकतात आणि खालून वारा लागतो. कामट्या एकमेकींना चिकटवून बांधा. त्यावर विणलेला तट्टा आणि तट्ट्यावर तीन बोटे जाडीचा धानाचा भुसा पसरा. राईस मिलचा कोरडा भुसा आपल्या गोंदियात हवा तेवढा मिळतो. ओला झालेला भुसा त्याच दिवशी काढा. कोरडा भुसा रोज एकदा खालीवर करा.

सहा फुटांतले दोन फूट एका टोकाला आडोसा घालून वेगळे करा. ही २ फूट बाय ४ फुटांची खोली खुडुक कोंबडी आणि तिच्या दहा-बारा पिल्लांची. त्यांना पहिले सहा आठवडे तेवढी पुरते. हिला चोहोबाजूंनी अर्ध्या इंचाची लोखंडी जाळी ठोका. कामट्यांवर विसंबू नका. मुंगूस आणि साप यांना थोडी वाट पुरते.

उरलेल्या चार फुटांत पुढच्या बाजूला अंड्यांसाठी चार खण करा. एकेक खण एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. पाच कोंबड्यांना एक खण पुरतो. खणात तणस घाला आणि उजेड कमी ठेवा. कोंबडीला आडोशाची जागा आवडते. खणाला पुढून छोटी झडप करा, म्हणजे आत न शिरता अंडी काढता येतात. आत येण्याच्या दारापाशी विटांची एक पायरी रचा.

मधला पत्रा

आता मर्माची गोष्ट. वरच्या मजल्याच्या फटींतून जी घाण पडेल, ती खालच्या मजल्यावर येता कामा नये. म्हणून मध्ये सपाट पत्रा टाका. पुढची कड ४ फुटांवर, मागची साडेतीन फुटांवर, म्हणजे मागे अर्ध्या फुटाचा उतार. मागची कड घराबाहेर अर्धा फूट काढा आणि तिच्याखाली जुनी घमेली ठेवा. दोन पत्रे जोडावे लागले तर पुढचा पत्रा मागच्यावर चढवा आणि जोड डांबराने बुजवा. नाहीतर नेमका जोड गळतो.

घाण आपोआप घरंगळेल, असे मात्र समजू नका. पत्र्यावर चुलीची राख भुरभुरा आणि रोज सकाळी लांब दांड्याच्या लाकडी खोरणीने ती मागे ओढा. पाच मिनिटांचे काम आहे. मागची फट दिवसा खोरणीसाठी उघडी, रात्री जाळीच्या झडपेने बंद.

ही विष्ठा म्हणजे उत्तम खत. पण ताजी विष्ठा पऱ्ह्यांत किंवा भाजीच्या वाफ्यात टाकू नका. ती उष्ण असते, रोप जळते. तणस आणि शेणाबरोबर खड्ड्यात कुजू द्या आणि मग बांधीत न्या.

वरचा मजला : कोंबड्यांची रात्र

वरच्या जमिनीला दीड इंच रुंदीच्या कामट्या वापरा. दोन कामट्यांत अर्धा ते पाऊण इंच फट ठेवा. बांबूची हिरवी, गुळगुळीत बाजू वर करा, म्हणजे घाण चिकटत नाही. कामट्यांखाली फूट-फुटावर आडव्या दांड्या द्या.

जमिनीपासून पाऊण फूट उंचीवर बसायला तीन दांड्या लावा. पहिली भिंतीपासून एक फूट आणि मग एकेक फूट अंतरावर. दांडी अखंड, गोल, दीड-दोन इंच जाडीची असावी. एका कोंबडीला सुमारे ८ इंच लागतात. तीन दांड्यांची मिळून अठरा फूट लांबी होते, त्यावर वीस कोंबड्या आरामात मावतात. तिन्ही दांड्या एकाच उंचीवर लावा. एखादी उंच ठेवली की तिच्यासाठी रोज संध्याकाळी भांडण ठरलेले.

भिंती उभ्या कामट्यांच्या, अर्ध्या इंचाच्या फटीच्या. हवा खेळली पाहिजे. पश्चिमेकडून पाऊस झोडपतो, त्या बाजूला पोत्याचा पडदा गुंडाळून ठेवा. पुढची निम्मी बाजू दारासारखी उघडेल अशी करा. माणसाच्या छातीइतक्या उंचीवर ती येते आणि हात आत पोचतो.

चढायला ८ फूट लांब, एक फूट रुंद फळी द्या. तिच्यावर सहा-सहा इंचांवर आडव्या पट्ट्या ठोका. गावरान कोंबडी उडून जाईल, पण वनराजासारखी जड जात उडत नाही. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने तयार केलेल्या वनराजा आणि ग्रामप्रिया या जाती आता बऱ्याच गावांत आल्या आहेत. त्या आणणार असाल तर फळीचा चढ कमी करा आणि वीसच्या जागी पंधराच कोंबड्या ठेवा.

छप्पर आणि पहारा

छपराला पत्रा घातला तर त्यावर तणसाचा जाड थर बांधा. आपल्याकडचा मे महिना तुम्ही जाणता. नुसत्या पत्र्याखाली कोंबडी चोच उघडून धापा टाकते आणि दुपारीच मरते. छपराची मागची वळचण दोन फूट बाहेर काढा, म्हणजे पावसाचे पाणी घमेल्यांच्या पलीकडे पडते.

झाडाची सावली हवी, पण फांदी छपराला टेकू देऊ नका. रानमांजर फांदीवरूनच उतरते. प्रत्येक खांबाला जमिनीपासून दीड फुटावर जुन्या तेलाच्या डब्याच्या पत्र्याची उलट्या नरसाळ्यासारखी झालर बांधा. उंदीर, घूस तिथपर्यंत चढतात आणि परत फिरतात. रात्री फळी काढून बाजूला ठेवा आणि दाराला साधी खिटी न लावता कडी लावा.

घर झाले की लस सोपी

घराचा सगळ्यात मोठा फायदा मला नंतर कळला. राणीखेत, म्हणजे आपली मानमोडी, आली की वाडाच्या वाडा रिकामा करते. हिमालयातल्या ज्या राणीखेत गावावरून तिला हे नाव पडले, तिथे ती १९२०च्या दशकाच्या अखेरीस आढळली होती. इतकी वर्षे होऊनही तिच्यावर औषध नाही. लस मात्र आहे. पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात लासोटा लसीचा एक थेंब, चौथ्या आठवड्यात पुन्हा एकदा, आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बी लसीचे इंजेक्शन. नेमके दिवस जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्या.

कोंबड्या आंब्यावर आणि कुडाच्या आढ्यावर झोपत होत्या, तेव्हा आमच्या निम्म्या कोंबड्या लसीच्या दिवशी हाती लागत नसत. आता अंधार पडला की सगळ्या तीन दांड्यांवर ओळीने बसतात. कंदील घेऊन एकेक उचलायची. लसीची कुपी बहुधा शंभर पक्ष्यांची असते आणि कालवल्यावर लगेच संपवावी लागते. तेव्हा आळीतल्या चार-पाच घरांनी मिळून एकच दिवस ठरवा. लस आणताना बर्फात आणा.

एकाएकी बऱ्याच कोंबड्या मेल्या तर त्या शिजवू नका, विकू नका, नाल्यात टाकू नका. दवाखान्यात कळवा. देशातला पहिला बर्ड फ्लू २००६ साली आपल्याच राज्यात, नंदुरबारच्या नवापूरला सापडला होता. आपला जिल्हा तळ्यांचा, हिवाळ्यात परदेशी पाखरे उतरतात. कोंबड्यांचे पाणी झाकलेले असावे.

मुलांनी गिनीपिग आणले तर

शहरातून मुले हल्ली ससे, कधी गिनीपिग घेऊन येतात. दक्षिण अमेरिकेच्या अँडीज डोंगरात शेतकरी कुटुंबे हा प्राणी हजारो वर्षे पाळत आली आहेत. तिकडे तो स्वयंपाकघराच्या जमिनीवरच फिरतो आणि मांसासाठी असतो. त्याच्यासाठी दुमजली पिंजरा करायचा तर वरचाच नियम लावा : वरची जमीन बंद, कड उंच. फटीची किंवा तारेची जमीन त्याला मुळीच नको, पाय सोलवटतात. त्याला चढणे-उड्या जमत नाहीत, म्हणून जिना अगदी पसरट आणि दोन्ही बाजूंना कठडा. फिरायची मुख्य जागा खालीच मोकळी द्या. त्याचे शरीर माणसासारखेच क जीवनसत्त्व तयार करू शकत नाही, म्हणून गवताबरोबर रोज थोडी कोथिंबीर, पेरूची किंवा आवळ्याची फोड द्या. उन्हाळ्यात घरात थंड जागी ठेवा. कोंबड्यांच्या खुराड्यात त्याला कधीही ठेवू नका.

शेवटी

आमच्या नव्या घराला आता दोन पावसाळे झाले. गेल्या पावसाळ्यात पाठोपाठ बसलेल्या दोन खुडुक कोंबड्यांनी बावीस पिल्ले काढली. त्यांतली सतरा मोठी झाली. पाच गेली, त्यांतली तीन दिवसाढवळ्या घारीने नेली. त्यावर अजून उपाय सुचलेला नाही. दुपारी कोणीतरी अंगणात असावे, एवढाच. रक्ती हगवण मात्र आली नाही. सायकल एक वर्ष उशिरा आली, पण आली.

गावरान कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते. ती काही लखपती करत नाही. पण तिला रात्री कोरडी, सुरक्षित जागा दिली तर ती आपले देणे चुकवते. तेव्हा आजच वही काढा, सांदवाडीचे माप घ्या. माघ संपायच्या आत बांबू कापून पाण्यात पडला पाहिजे. मग फाल्गुनात तो सावलीत वाळेल, चैत्र-वैशाखात घर उभे राहील आणि मृगाचा पाऊस येईल तेव्हा तुमच्या कोंबड्या आपापल्या दांडीवर बसलेल्या असतील.